वर्गारंभीचा अनुबंध

आपल्याकडील जुन्या शास्त्रग्रंथांची एक रीत होती. ग्रंथारंभीच चार गोष्टींचा खुलासा होत असे: हा ग्रंथ शिकण्याचा अधिकारी कोण, त्याचा विषय कोणता, ग्रंथ व विषय यांचा परस्परसंबंध काय, आणि तो शिकून प्रयोजन कोणते साधावयाचे. या चौकडीस अनुबंधचतुष्टय म्हणतात. सदानंदाचा ‘वेदान्तसार’ ज्यांनी पाहिला असेल त्यांस तिचा परिचय असेलच. शिष्याने येताना काय घेऊन यावे आणि जाताना काय घेऊन जावे, हे उंबरठ्यावरच सांगून टाकण्याची ही सोय होय. अर्ध्या वाटेवर पोहोचल्यावर ‘हे तुमच्यासाठी नव्हे’ असे सांगण्याचा प्रसंग गुरूवर येऊ नये, आणि ‘हे मला आधी कळले असते तर’ असे म्हणण्याची पाळी शिष्यावर येऊ नये, एवढाच तिचा व्यावहारिक अर्थ.

ही साधी गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. ती कशी कळली हे सांगण्यात आम्हांस भूषण नाही; परंतु पुढील विवेचनाचे मूळ तेथेच असल्यामुळे सांगणे प्राप्त आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका सायंमहाविद्यालयात इतिहास शिकवीत होतो. वर्गात दिवसा नोकरी करणारी मंडळी असत. त्यांत एक गृहस्थ आमच्याहून वयाने पंधरा वर्षांनी तरी वडील होते. कचेरीतून थेट येत, पहिल्या बाकावर बसत, आणि आमचे प्रत्येक वाक्य उतरून घेत. मराठी सत्तेच्या विस्ताराची कारणे सांगा, असा निबंध आम्ही वर्गास घातला. या गृहस्थांनी मोत्यांसारख्या अक्षरात अकरा पृष्ठे लिहून आणली. पण त्यांत सनावळीप्रमाणे सगळ्या घटना होत्या आणि कारण मात्र एकही नव्हते. आम्ही तांबड्या शाईने ‘प्रश्नाचे उत्तर नाही’ असा शेरा मारला आणि वीसांपैकी सहा गुण दिले. तास संपल्यावर ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सर, उत्तर म्हणजे नेमके काय लिहायचे असते?” आम्हांस गाडी गाठावयाची होती. “वाचन वाढवा, म्हणजे आपोआप कळेल,” असे सांगून आम्ही निघालो. पुढील आठवड्यापासून पहिले बाक रिकामे राहिले.

त्या वेळी आम्हांस वाटले की, गृहस्थांस अभ्यास झेपला नाही. वस्तुतः त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर देणे हे आमचे पहिल्या दिवसाचे कर्तव्य होते. शाळेतला मुलगा न समजलेल्या अपेक्षेला सरावलेला असतो. मास्तर रागावले तर का रागावले याचा तो फारसा विचार करीत नाही. परंतु घरात व कचेरीत ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाला, आपण कशात चुकलो हेच न कळता चूक पदरात घ्यावी लागली, तर त्याची मान खाली जाते. आणि तो भांडत बसत नाही, मुकाट्याने निघून जातो. प्रौढ विद्यार्थ्याचे निघून जाणे अध्यापकास ऐकू येत नाही, हाच त्यातील धोका.

पुढे इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचे अध्ययन करताना आमच्या असे ध्यानात आले की, याच प्रश्नाशी तेथील काही अध्यापक आणि कामकरी दीडशे वर्षांपूर्वीपासून झगडत आले आहेत. आणि ज्याला आपण आज ‘सिलॅबस’ म्हणतो त्याला विद्यापीठाबाहेरील शिक्षणात जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या झगड्यातच आहे. आपल्याकडे हा शब्द परीक्षेच्या वाटेने आला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. ते आरंभी स्वतः न शिकवता परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. त्यामुळे परीक्षेत काय विचारतील याची यादी, असाच अर्थ आपल्या मनात रुजला. इंग्लंडातील ज्या प्रयत्नांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांत त्याचा जन्म निराळ्या गरजेतून झाला.

१८६७ साली केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयाचे एक तरुण फेलो, जेम्स स्टुअर्ट, यांस उत्तर इंग्लंडातील स्त्रियांच्या एका मंडळाने व्याख्यानांसाठी पाचारण केले. या मंडळाच्या कार्यात जोसेफाइन बटलर व अॅन क्लॉ या विदुषी अग्रभागी होत्या. विद्यापीठांची दारे स्त्रियांस बंद होती. म्हणून विद्यापीठातील मनुष्यानेच लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर व शेफील्ड या नगरांत जावे, अशी ही योजना होती. अध्यापनशास्त्रावर बोलावे अशी मंडळाची सूचना होती. स्टुअर्ट यांनी ज्योतिषशास्त्राचा विषय घेतला. श्रोत्या शिकलेल्या होत्या, पण व्याख्यान ऐकून त्याचे टिपण कसे करावे याची सवय त्यांस कोणी लावलेली नव्हती. तेव्हा स्टुअर्ट यांनी प्रत्येक व्याख्यानाची मुद्देसूद रूपरेषा छापून त्यांच्या हाती देण्यास प्रारंभ केला. ऐकताना काय पकडावयाचे आणि काय सोडून द्यावयाचे, हे तिच्यावरून कळे.

दुसरी अडचण मोठी मौजेची होती. तरुण अध्यापकाने तरुण स्त्रियांस भर सभेत प्रश्न विचारावेत आणि त्यांनी तोंडी उत्तरे द्यावीत, हे त्या काळच्या शिष्टाचारास धरून नव्हते. यावर तोड म्हणून प्रश्न लेखी देण्यात आले आणि उत्तरे टपालाने मागविण्यात आली. लोकलज्जेतून निघालेली ही युक्ती शिक्षणाच्या दृष्टीने अमूल्य ठरली. भर सभेत जी बोलली नसती ती घरी बसून लिहू लागली. आणि आपले उत्तर कोठे तोकडे पडले हे तिला एकटीला, खाजगी रीतीने, कागदावर कळू लागले.

तिसरी गोष्ट रॉचडेल येथे घडली. सहकारी चळवळीचे माहेरघर म्हणून हे नाव आपल्या वाचकांस परिचित असेल. तेथील अठ्ठावीस कामकऱ्यांनी १८४४ साली सहकारी दुकान काढले, आणि पुढे त्यांच्या संस्थेने वाचनालये व व्याख्याने यांवरही खर्च केला. तेथे स्टुअर्ट यांची व्याख्याने चालू असताना, एकदा त्यांस घाईने निघावयाचे होते म्हणून भिंतीवरील आकृत्या पुढील खेपेपर्यंत तशाच राहू द्याव्या, असे ते दिवाणखान्याच्या रखवालदारास सांगून गेले. परत आले तेव्हा रखवालदाराने सांगितले की, आठवडाभर सभासद त्या आकृत्यांपुढे उभे राहून वाद करीत होते, त्यांस पुष्कळ विचारावयाचे आहे, आणि व्याख्यानाच्या आधी थोडा वेळ भेट मिळाल्यास बरे होईल. व्याख्यानास जोडून प्रश्नोत्तरांचा ‘वर्ग’ घेण्याची पद्धत या प्रसंगातून निघाली. गाडीच्या घाईत आम्हीही होतो आणि स्टुअर्टही होते. पण ते जाताना आकृत्या मागे ठेवून गेले आणि आम्ही एक तांबडा शेरा ठेवून गेलो.

१८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने ही योजना अधिकृतपणे अंगीकारली, आणि त्या वर्षीच्या शरद् ऋतूत नॉटिंगहॅम, डर्बी व लेस्टर येथे पहिल्या व्याख्यानमाला झाल्या. यासच विद्यापीठ-विस्ताराची चळवळ म्हणतात. छापील रूपरेषा, व्याख्यान, त्यास जोडून वर्ग, दर आठवड्यास लेखी उत्तरे आणि शेवटी इच्छा असेल त्यास परीक्षा, असा तिचा सांगाडा होता. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे कागदावर छापून प्रौढ श्रोत्याच्या हाती देण्याची प्रथा येथे स्थिरावली.

तथापि या चळवळीत एक उणीव राहून गेली. व्याख्यानमालेचा खर्च बहुतांशी स्थानिक वर्गणीतून व तिकिटांतून निघावयाचा; म्हणून श्रोतृवर्ग मोठा जमविणे भाग पडे. मोठ्या सभेत बहुतेकांस ऐकणे पुरेसे वाटे, आणि लिहिणारे थोडे निघत. रूपरेषा सर्वांच्या हाती पडे, पण तिने कोणी बांधला जात नसे. अध्यापकाने आपली बाजू सांगितली होती. विद्यार्थ्याने अजून आपला शब्द दिला नव्हता.

तो शब्द घेण्याची कल्पना ज्याच्या प्रयत्नाने फळास आली तो मनुष्य विद्यापीठात शिकलेला नव्हता. आल्बर्ट मॅन्सब्रिज हा एका सुताराचा मुलगा. परिस्थितीमुळे शाळा लवकर सुटली, कारकुनी पत्करली, आणि विस्तार-व्याख्यानांनी ज्ञानाची गोडी लावली. १९०३ साली त्याने व त्याची पत्नी फ्रान्सिस हिने कामकऱ्यांच्या उच्च शिक्षणासाठी एक संस्था काढली. फ्रान्सिसने घरखर्चातून काढून दिलेले अडीच शिलिंग हे तिचे पहिले भांडवल, असे सांगतात. दोन वर्षांनी ही संस्था ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

रॉचडेलच्या विद्यार्थ्यांनीच पुढे तिच्याकडे मागणी केली की, ऐकून आमचे समाधान होत नाही. आम्हांस खराखुरा अभ्यास करावयाचा आहे. मॅन्सब्रिजचे उत्तर सौद्याच्या रोखठोक भाषेत होते. तुमच्यापैकी तीस जण नियमाने हजर राहण्याचे आणि निबंध लिहिण्याचे वचन देत असतील, तर देशातील उत्तम अध्यापक आणून देणे माझ्याकडे लागले, असा त्याचा आशय होता. ऑगस्ट १९०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे परिषद भरली. तिच्यातून विद्यापीठाचे सात व कामकऱ्यांचे सात अशा चौदा प्रतिनिधींची समिती नेमली गेली. आणि जानेवारी १९०८ मध्ये स्टॅफर्डशरमधील लाँगटन व लँकेशरमधील रॉचडेल येथे पहिले दोन वर्ग सुरू झाले. लाँगटन हे चिनी मातीच्या भांड्यांचे गाव, रॉचडेल कापडगिरण्यांचे.

या दोन्ही वर्गांवर जो अध्यापक नेमला गेला त्याचे वय त्या वेळी अवघे सत्तावीस होते. रिचर्ड हेन्री टॉनी याचा जन्म १८८० साली कलकत्त्यास झाला. तेथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि ‘कथासरित्सागरा’चे इंग्रजी भाषांतरकार चार्ल्स हेन्री टॉनी हे त्याचे वडील. बापाने सोमदेवाच्या कथांचा सागर इंग्रजीत नेला; मुलगा आठवड्याअखेर आगगाडीने विणकर व कुंभार यांच्या गावी अर्थव्यवहाराचा इतिहास शिकवावयास जाऊ लागला.

या वर्गांचे जे नियम ठरले त्यांकडे पाहता आम्हांस पुनःपुन्हा आपल्या अनुबंधचतुष्टयाची आठवण होते. ऑक्सफर्डच्या मंडळींपुढे ते नव्हते हे उघड आहे. पण शिकणाऱ्याशी प्रामाणिकपणे वागावयाचे ठरविले म्हणजे जे प्रश्न सुचतात ते सर्वत्र तेच.

अधिकारी कोण? पूर्वीचे शिक्षण विचारावयाचे नाही, परीक्षेचा दाखला मागावयाचा नाही. जो तीन वर्षे वर्गास येण्याचे, अपरिहार्य कारणावाचून एकही बैठक न चुकविण्याचे आणि सांगितलेले निबंध लिहिण्याचे वचन देईल, तो अधिकारी. संख्या सुमारे तीस, कारण त्याहून अधिकांचे निबंध अध्यापक नीट वाचू शकत नाही. वर्षास २४ बैठका, प्रत्येक बैठक २ तासांची. पंधरवड्यास एक याप्रमाणे वर्षास १२ निबंध. येथे काहीही मोघम नाही. गिरणीत दिवसभर राबणाऱ्या मनुष्याने हे आकडे वाचावे, आपल्या पाळीचा व घरचा हिशेब करावा, आणि मगच सही करावी.

विषय कोणता? तो वर्गानेच निवडावयाचा. अध्यापकाशी विचारविनिमय होऊन रूपरेषा ठरावयाची, आणि पुस्तकांची पेटी विद्यापीठाने पाठवावयाची. पुस्तक मिळण्याची सोय नसताना वाचनाची अपेक्षा धरणे हा अन्याय होय, हे त्या समितीने ओळखले होते. आमच्या त्या गृहस्थांस ‘वाचन वाढवा’ असे सांगताना, कोणते पुस्तक व ते कोठे मिळेल, याविषयी आम्ही चकार शब्द काढला नव्हता.

संबंध काय? दोन तासांपैकी एक तास अध्यापकाचा, एक तास विद्यार्थ्यांचा. पहिल्या तासात टॉनीने सांगावे. दुसऱ्यात विणकराने त्यास अडवावे, आणि पुस्तकात असे असले तरी आमच्या गिरणीत असे घडत नाही, असे बजावावे. टॉनीने १९१२ साली सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने विणकर, कुंभार, खाणकामगार व यंत्रकामगार यांचे ऋण मान्य केले आहे. त्यांनी दिलेल्या स्नेहाच्या तडाख्यांनी आपण शहाणे झालो, असा त्याचा भाव आहे. अपेक्षा दोन्ही बाजूंनी होत्या याचा याहून चांगला पुरावा कोणता असणार!

राहिले प्रयोजन. येथे परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, पदवी नव्हती, पगारवाढ नव्हती. हे आरंभीच स्पष्ट असल्यामुळे ज्यास त्यांपैकी काही हवे होते तो आलाच नाही, आणि जो आला तो निराश होऊन परतला नाही.

हे सर्व सुरळीत पार पडले असे मात्र कोणी समजू नये. वचन देणे सोपे, पाळणे कठीण. जादा काम लागे, पाळी बदले, बेकारी येई, घरात आजारपण निघे. निबंध हा तर सर्वांत अवघड भाग ठरला. ज्या हातांस दिवसभर मागाची किंवा मातीची सवय, त्यांनी रात्री लेखणी धरावी, तीही एकाच दिव्याभोवती सर्व कुटुंब बसलेले असताना, हे सोपे नव्हते. पण निबंध कशासाठी आहे हे त्यांस ठाऊक होते. तो कमी-अधिक ठरवून हिणविण्यासाठी नसून वाचलेले आपले झाले की नाही हे पाहण्यासाठी आहे, हे अध्यापक जवळ बसून समजावून सांगत असे. बेलियल महाविद्यालयातील इतिहासाचे नामांकित अध्यापक ए. एल. स्मिथ यांनी या वर्गांतील निबंध तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे चतुर्थांश निबंध ऑक्सफर्डच्या इतिहासाच्या पदवीपरीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोडीचे आहेत, असा अभिप्राय त्यांनी दिला. लाँगटनच्या विद्यार्थ्यांनी तर पुढे आसपासच्या खाणींच्या खेड्यांत जाऊन स्वतःच वर्ग चालविले. १९१४ पर्यंत असे शंभराहून अधिक वर्ग इंग्लंडात उभे राहिले होते.

याच सुमारास ऑक्सफर्डमध्येच घडलेली एक उलट घटनाही ध्यानात घेतली पाहिजे. कामकऱ्यांसाठी १८९९ मध्ये निघालेल्या रस्किन महाविद्यालयात १९०९ साली विद्यार्थ्यांनी व्याख्यानांवर बहिष्कार घातला. प्राचार्यांस दूर करण्याचा निर्णय हे निमित्त झाले. पण खालची कुरबूर जुनी होती. येथे काय शिकवावे, ते कोणी ठरवावे, आणि येथून शिकून गेलेल्या मनुष्याने आपल्या वर्गाची सेवा करावी की वरच्या वर्गात मिसळून जावे, या प्रयोजनाच्या प्रश्नावर चालक व विद्यार्थी यांचे एकमत नव्हते. यावरून इतके ठरते की, नियमांचे पत्रक भिंतीवर लावले म्हणजे अपेक्षा स्पष्ट झाल्या असे होत नाही. एकाने लिहून दुसऱ्याच्या माथी मारलेला अनुबंध हा अनुबंध नव्हेच. ती नुसती हुकूमनाम्याची प्रत होय. रॉचडेलचा वर्ग टिकला याचे कारण त्याचे नियम सौम्य होते हे नव्हे. ते कडक होते. परंतु ज्यांनी ते पाळावयाचे त्यांस ते ठरविण्यात वाटा होता.

त्यानंतर काळ पुष्कळ पालटला. १९६९ मध्ये ब्रिटनात मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. पूर्वी शेकड्यांनी मोजावयाचे प्रौढ विद्यार्थी आता लक्षावधींनी मोजावे लागतात. छापील सूचनाही विपुल झाल्या आहेत. किंबहुना आज उणीव सूचनांची नसून त्या समजावून देणाऱ्या मनुष्याची आहे. चाळीस पृष्ठांची माहितीपुस्तिका हाती देऊन ‘यात सर्व आहे’ असे सांगणे, आणि आमचे ‘वाचा म्हणजे कळेल’, यांत तत्त्वतः अंतर नाही. स्टुअर्टची रूपरेषा थोड्या मुद्द्यांची होती, आणि तिच्यावर काय विचारावयाचे ते विचारण्यास तो पुढच्या आठवड्यात तेथे हजर असे.

हा इतिहास वाचल्यानंतर आम्ही स्वतःपुरता एक पालट केला. प्रौढांचा वर्ग असेल तर पहिल्या दिवशी आम्ही विषयास हात घालीत नाही. एका पृष्ठावर किती तास, किती निबंध, कोणती चार पुस्तके व ती कोठे मिळतील, हे लिहून देतो. नंतर एकाच प्रश्नाची दोन उत्तरे वाचून दाखवितो: एक नुसत्या घटनांचे, दुसरे कारणांचे. कोणते अधिक चांगले व का, हे वर्गानेच सांगावयाचे. मग आम्ही विचारतो की, तुमच्याकडून आम्ही इतके मागितले, आता तुम्हांस आमच्याकडून काय हवे? आरंभी मंडळी संकोचतात. मग कोणी म्हणतो, महिनाअखेरीस कचेरीचे हिशेब असतात, तेव्हा निबंध नको. एखादी बाई म्हणते, सात वाजता सोडाल तर मुलांच्या जेवणास पोहोचेन. ज्या मागण्या मान्य करता येतात त्या आम्ही त्याच पृष्ठावर लिहून घेतो, आणि ज्या येत नाहीत त्यांचे कारण सांगतो.

याने सर्वच विद्यार्थी शेवटपर्यंत टिकतात असे नाही. पण जो जातो तो सहसा सांगून जातो, आणि त्यांतले काही पुढील वर्षी परत येतात. पहिल्या बाकावरील त्या गृहस्थांचा ठावठिकाणा मात्र आम्हांस पुढे लागला नाही. कारण कशास म्हणतात आणि ते घटनेपासून वेगळे कसे करावे, हे समजावून सांगण्यास दहा मिनिटे पुरली असती, आणि त्यानंतरही त्या रात्री शेवटची गाडी मिळाली असती.